सोन्याची तिसरी पायरी

एका राज्यात समुद्र राजवाड्याच्या पायाशी येऊन निजत असे. भरतीला कूस बदले, ओहोटीला पाय आखडून घेई, आणि त्याच्या श्वासावर गावातले दिवे मंद-तेज होत. त्या राज्याला नाव नव्हतं. नाव हवं कशाला? तिथले लोक त्याला ‘आपलं’ म्हणत आणि उरलेल्या जगाला ‘दुसरं’. एवढ्यात त्यांचं भागत असे.

तिथं मणिकंठ नावाचा राजा होता. राजा वाईट नव्हता. उगाच कुणाला वाईट म्हणू नये. पण त्याच्या घराण्यात एक रीत होती. चार गोष्टी ओळीनं मांडल्या, की त्यातली वरची जागा राजघराण्याची. पंगतीत वरचा पाट राजाचा, मिरवणुकीत वरचं छत्र राजाचं. इतकंच काय, शर्यत लागली तर राजाचा घोडा पोचेपर्यंत बाकीच्या घोड्यांनी वेशीबाहेर चारा खात थांबायचं. घोड्यांनाही त्याची सवय झाली होती. सवय लागली की घोडा काय आणि माणूस काय, चारा खातच उभा राहतो.

राणी लवकर गेली होती. राजाचा सारा जीव त्याच्या एकुलत्या लहान लेकीत होता. तिचं नाव ईरावती.

त्या दिवसांत बंदरात टोपीकरांची गलबतं येऊ लागली. ते इंग्रजी बोलत, आणि इकडची माणसं नुसती मान हलवीत. मान हलवणाऱ्याला सगळं जग फसवतं. तेव्हा राजानं दवंडी पिटवली, की राज्यातल्या साऱ्या पोरांना इंग्रजी शिकवायची. शिकवायला नेमली चिमाबाई. ही बाई बंदरावर खलाशांना पेज वाढीत असे. पेज वाढता वाढता तिनं त्यांची भाषा उचलली, आणि पेजेत खडा निघाला असं कुणी म्हटलं तर त्याच्याच भाषेत त्याची खोड मोडली.

शाळा भरली तशी बंदरात एक जादूगारही उतरला. त्याचे डोळे शिंपल्यासारखे होते, उघडले की आत मोती दिसे. त्यानं राजापुढे एक लहानशी घडवंची ठेवली. तिला तीन पायऱ्या होत्या. खालची तांब्याची, मधली रुप्याची, वरची सोन्याची.

“राजा,” जादूगार म्हणाला, “हिच्यावर तीन वस्तू मांडाव्या आणि तुलनेचे तीन शब्द म्हणावे. पोरं जन्मात विसरणार नाहीत. पण नीट ऐक. वरच्या पायरीवर जो असेल, तो खरोखरच तसा होईल. आणि तसाच राहील, जोवर त्याच शब्दाला दुसरा कुणी राजीखुशीनं तिथं चढत नाही. म्हणून ही पायरी फिरती ठेव. एकाच्याच नावावर केलीस, तर तिचा शाप होईल.”

“आणि शाप उतरेल कधी?” चिमाबाईनं विचारलं. राजा सोनं बघत होता.

“ज्याला तो शब्द जड होत नाही, असं कुणी तिथं उभं राहील तेव्हा.”

एवढं बोलून जादूगार पाण्यावरून चालत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी चिमाबाईनं तांब्याच्या पायरीवर काकडी ठेवली, रुप्याच्या पायरीवर दोडका, सोन्याच्या पायरीवर पडवळ.

“लाँग, लाँगर, लाँगेस्ट!” पोरं ओरडली.

पडवळ वाढलं. खिडकीतून बाहेर पडलं, तटावरून उतरलं, बंदरापर्यंत गेलं. त्या दिवशी साऱ्या गावानं पडवळाची भाजी खाल्ली. नवल कुणाला वाटलं नाही. कुंभाराची ठकी फक्त एवढंच म्हणाली, “बाई, उद्या पडवळ नको. लाडू ठेवा. बिग, बिगर, बिगेस्ट.”

“आणि परवा गुड, गुडर, गुडेस्ट,” नाखव्याचा धर्मा म्हणाला.

“गुड, बेटर, बेस्ट,” चिमाबाई म्हणाली. “त्यांच्या भाषेतही काही शब्द तुझ्यासारखे आहेत. सांगितलेलं ऐकत नाहीत.”

पोरं हसत होती, तेवढ्यात दारात राजा उभा राहिला.

“सोन्याच्या पायरीवर पडवळ?”

“भाजी आहे, महाराज. तिला गर्व होत नाही.”

“आमच्या घराण्याची रीत ठाऊक आहे ना, चिमाबाई?”

“ठाऊक आहे. घोड्यांनाही ठाऊक आहे.”

राजाला राग आला, पण राग आला म्हणून रीत काही बदलत नाही. त्या दिवसापासून सोन्याच्या पायरीवर ईरावती चढू लागली. पोरांनी ‘स्वीट, स्वीटर, स्वीटेस्ट’ म्हटलं आणि ईरावतीचा आवाज राज्यात सर्वांत गोड झाला. ती पाणी मागे, तर पाखरं झाडं सोडून येत. पोरांनी पुन्हा ‘लाँगेस्ट’ म्हटलं आणि तिचे केस राज्यात सर्वांत लांब झाले. ते जिन्यावरून उतरत, चौकात वेटोळं घालून बसत. मांजरं त्यात पिलं घालीत. राजा खूष होता. पोरं शिकत होती, पण भलतंच शिकत होती. तिसरा शब्द आला की डोळे उघडून बघायचं कारणच उरलं नाही. तिसरा शब्द म्हणजे ईरावती.

मग तो दिवस आला. चिमाबाई दूरचा शब्द शिकवत होती. पहिल्या पायरीवर तिनं विहिरीवरचा खडा ठेवला, दुसऱ्या पायरीवर परमुलखाचा शिंपला, तिसऱ्या पायरीवर धर्मानं केलेली करवंटीची होडी.

“फार,” ती म्हणाली.

पोरं खदखदली. “हा तर आपलाच शब्द, बाई!”

“त्यांचाही आहे. आपल्या फारपेक्षा त्यांचा फार लांब पडतो. म्हणा पुढे.”

“फार, फार्दर...”

तोच राजा आला. त्यानं होडी उचलून बाजूला ठेवली आणि ईरावतीला सोन्याच्या पायरीवर चढवलं.

“महाराज, थांबा!” चिमाबाई ओरडली.

पण शब्द पोरांच्या ओठांवर आला होता. सुटलेला शब्द आणि फुटलेलं मडकं कोण झेलणार?

“फार्देस्ट!”

पायरी रिकामी झाली. आवाज नाही, वारा नाही. ईरावतीचे केस मात्र पायरीवरून खाली आले होते, दारातून गेले होते, वाळूवरून पुढे गेले होते, आणि अजून जातच होते.

राजानं ते केस हातात धरून ओढले. फार लांबून, अगदी बारीक, अगदी गोड आवाज आला. “आबा, दुखतं.”

राजाच्या हातून केस गळले.

“सोन्याची ती पायरी फोडून टाकतो,” तो म्हणाला.

“फोडा. मग तिच्या जागी चढायला कुणाला काय उरेल?” चिमाबाईनं पदर खोचला. “उचला ती घडवंची.”

“मी?”

“होडी कुणी उचलली होती?”

राजानं घडवंची डोक्यावर घेतली. राजघराण्यातल्या माणसाच्या डोक्यावर छत्राखेरीज काही बसण्याची ती पहिलीच वेळ. आणि दोघं केसांच्या वाटेनं निघाले.

वाट आधी दूरच्या मुलखात गेली. तिथं सगळं थोडंसं फिकट होतं. झाडं धुक्याची, धुकं झाडांचं, आणि पाणी चालताना गुणगुणे. खाडीच्या तोंडाशी एका पायावर बगळा उभा होता. केस त्याच्या पायाखालून पलीकडे गेले होते.

“थांबा,” बगळा म्हणाला. “तुमच्या दोघांत मोठं कोण?”

“मी,” राजा म्हणाला.

“कशानं?”

हा प्रश्न राजाला कुणी कधी विचारला नव्हता.

“नुसतं मोठं असं काही नसतं,” बगळा म्हणाला. “वयानं असतं, उंचीनं असतं, ओझ्यानं असतं. ही बाई कशाकशात तुझ्याहून मोठी, ते तीनदा खरं सांग. मग वाट देतो.”

“वयानं मोठ्या,” राजा म्हणाला.

“तेही सांगायलाच हवं होतं का?” चिमाबाई पुटपुटली.

“इंग्रजीत मोठ्या.”

बगळ्यानं दुसरा पाय थोडासा खाली टेकला. तिसरं काही राजाला सुचेना. तो वाळूवर बसला. भरती आली, त्याच्या गुडघ्यांशी खेळून परत गेली. धुक्याची झाडं एकदा फुलली आणि गळली. मग राजा खाली बघतच बोलला.

“ऐकण्यात मोठ्या. माझ्या लेकीचं मी कधी ऐकलं नसेल, तेवढं यांनी ऐकलंय.”

बगळा दोन्ही पायांवर उभा राहिला आणि बाजूला सरला. चिमाबाईनं घडवंची उचलून राजाच्या डोक्यावर नीट ठेवली.

वाट आणखी दूरच्या मुलखात गेली. तिथं झाडंही नव्हती, नुसतं उघडं माळरान आणि त्यावर आकाश इतकं खाली, की हात वर केला तर बोटांना निळं लागे. माळावर एक टिटवी उताणी पडली होती. दोन्ही पाय वर. केसांचा लांबच लांब पट्टा तिच्या पाठीखाली दबला होता.

“टिटवीबाई, जरा सरकता का?” चिमाबाई म्हणाली.

“सरकू?” टिटवी किंचाळली. “मी सरकले तर आकाश पडेल! सगळ्यांत बलवान मी. माझ्या आजीनं धरलं, आईनं धरलं, आता मी धरलंय.”

“मग आम्ही जायचं कसं?”

“माझ्या पायांना मुंग्या आल्यात. कुणीतरी धरा. मी पाणी पिऊन येते.”

राजानं घडवंची खाली ठेवली. तो माळावर उताणा झाला आणि त्यानं आपले दोन्ही पाय आकाशाला लावले. जरीची सुरवार घसरून गुडघ्यांवर आली. टिटवी पाणी प्यायला गेली. वारा मंद होता, आकाश थंड होतं, ढग राजाच्या तळव्यांना गुदगुल्या करून जात होते. राजा किती दिवसांचा जागा होता! त्याचे डोळे मिटले. मग एक पाय खाली आला. मग दुसरा.

टिटवी परतली तेव्हा राजा घोरत होता आणि आकाश जागच्या जागी होतं.

बराच वेळ टिटवी त्या आकाशाकडे बघत राहिली.

“कधीपासून असं आहे?” तिनं हळूच विचारलं.

“मी लहान होते तेव्हापासून,” चिमाबाई म्हणाली.

“कुणाला सांगू नका हं.”

“सांगत नाही. पण मग आता इथं पडून काय करणार? चल आमच्याबरोबर.”

राजा उठला तेव्हा टिटवी घडवंचीवर बसली होती. काय झालं ते त्याला कुणी सांगितलं नाही. त्यानं वर बघितलं, आपल्या पायांकडे बघितलं, आणि टिटवीसकट घडवंची डोक्यावर घेतली. पुढे मात्र तो मान थोडी मोकळी ठेवून चालू लागला.

वाट सगळ्यांत दूरच्या मुलखात पोचली. तिथं वाळू होती आणि वाळूचा रंग आठवणीसारखा होता. बघावा तर नाही, डोळे मिटावे तर आहे. सावल्या तिथवर येत नव्हत्या. दूर, चिंचोक्याएवढी, ईरावती उभी होती.

राजा धावला. चिंचोका तेवढाच राहिला. राजा आणखी धावला, धापा टाकीत, हात पुढे करून. चिंचोका तेवढाच.

तिचा गोड आवाज मात्र कानाशी आला. “आबा, नका येऊ. तुम्ही एक पाऊल आलात की मी एक पाऊल मागे जाते. मी मुद्दाम नाही हो करत.”

राजा वाळूत मटकन बसला. ज्या पोरीला त्यानं साऱ्या जगाच्या वर ठेवलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवता येईल इतकी जवळची जागा त्या जगात उरली नव्हती. हे असंच होतं. ज्याला त्याला वर चढवणारे पुष्कळ असतात. वर गेलेल्या पोराला तिथं कोण भेटतं, हे कुणी बघत नाही.

चिमाबाईनं घडवंची वाळूत मांडली. तिचे पाय वाळूत रुतू नयेत म्हणून खाली एक सपाट दगड दिला.

“मी चढते,” ती म्हणाली. “माझ्यामागे रडणारं कुणी नाही. ठकी दोन दिवस रडेल, मग सुट्टी म्हणून नाचेल.”

“नाही,” राजा म्हणाला. तो उठला. “वरची पायरी आमच्या घराण्याची आहे. रीत आहे.”

चिमाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. ही रीत तिनं आजवर कितीदा ऐकली होती. आज ती तिला नव्यानं ऐकू आली.

“महाराज, परत येता येईलच असं नाही.”

“ठाऊक आहे. या खेपेला मी ऐकत होतो.” राजानं अंगावरचा शेला काढून तिच्या हाती दिला. “हा तिला पांघरा. आणि चिमाबाई, तिचे केस विंचरायला दोन माणसं लागतात. एक तुम्ही आहात. दुसरं माणूस बघा.”

चिमाबाई तांब्याच्या पायरीवर उभी राहिली. टिटवी रुप्याच्या पायरीवर बसली. राजा सोन्याच्या पायरीवर चढला.

“फार,” चिमाबाई म्हणाली.

“फार्दर,” टिटवी म्हणाली. तिला इंग्रजी येत नव्हती. पण ती वेळच तशी होती.

“फार्देस्ट,” राजा म्हणाला, आणि नव्हता झाला.

ईरावती आता चार हातांच्या अंतरावर उभी होती. ती धावत आली आणि चिमाबाईच्या कुशीत शिरली. “आबा कुठायत?” तिनं विचारलं. चिमाबाईनं तिला शेला पांघरला. घडवंची तिनं आपल्या डोक्यावर घेतली, ईरावतीनं आपले केस गुंडाळत गुंडाळत वाट धरली, आणि राज्य आलं तोवर त्या गुंडाळीवर टिटवी झोपून गेली होती. पाय खाली सोडून.

राज्य आलं, पण राजा नाही. वरचा पाट रिकामा, छत्र मिटलेलं. वेशीबाहेरचे घोडे पुढे जावं की थांबावं, हे न कळून नुसते फुरफुरत. ईरावती रोज समुद्राकडे तोंड करून बसे. तिच्या रडण्यानं पाखरं गोळा होत आणि रडणं इतकं गोड होतं, की येणारे-जाणारे थांबून ऐकत. गोड गळ्याची हीसुद्धा एक शिक्षा. रडलं तरी लोकांना गाणं वाटतं.

पोरांनी शाळेत सभा भरवली.

“मी चढते वर,” ठकी म्हणाली. “राजा परत येईल आणि मला शाळा नाही.”

“तू नको, मी,” धर्मा म्हणाला. “मला होडी चालवता येते.”

“कुणीच नाही!” ईरावती म्हणाली. “मी तिथं होते. तिथं आपण हाक मारली की आपणच ओ देतो. तिथं कुणीच नाही जायचं.”

“मग राजीखुशीनं चढणार कोण?” चिमाबाईनं विचारलं. ती शिकवीत नव्हती, खरंच विचारीत होती.

ईरावती उठून खिडकीशी गेली. सूर्य नुकताच बुडाला होता, समुद्र कूस बदलत होता, आणि पश्चिमेला शुक्राची चांदणी चमकू लागली होती.

“बाई,” ती हळूच म्हणाली, “मी सगळ्यांत दूर होते ना?”

“होतीस.”

“तिथूनही ती चांदणी एवढीच दिसत होती. इथून दिसते तेवढीच. मी इतकी चालले, तरी ती जराही मोठी झाली नाही. म्हणजे ती माझ्याहून दूर होती. म्हणजे मी सगळ्यांत दूर नव्हतेच, बाई. आपण नुसतं म्हणत होतो.”

चिमाबाई जागची उठली. तिनं ईरावतीला जवळ ओढून तिच्या गालांवरून हात फिरवला आणि कानशिलांवर बोटं मोडली.

“ठकी, परात आण. धर्मा, पाणी. आणि आता प्रत्येकानं डोळे उघडे ठेवून बोलायचं.”

पहिल्या पायरीवर विहिरीचा खडा ठेवला. दुसऱ्या पायरीवर परमुलखाचा शिंपला. सोन्याच्या पायरीवर पाण्यानं भरलेली परात. खिडकी सताड उघडली. ईरावतीनं हात जोडले.

“चांदणीबाई, याल का? तुम्हाला कुठं जावं लागणार नाही. तुम्ही आहात तिथंच राहायचं.”

परातीतलं पाणी थरथरलं आणि निवलं. त्यात चांदणी येऊन बसली.

पोरांनी खड्याकडे बघितलं. “फार.” शिंपल्याकडे बघितलं. “फार्दर.” मग सगळ्यांनी परातीकडे बघितलं, परातीतून वर बघितलं, आणि जे बघितलं तेच म्हटलं.

“फार्देस्ट.”

चांदणी हलली नाही. तिला तो शब्द जड झालाच नाही. तो तिचाच होता. घडवंचीतून एक सुस्कारा निघाला, जसा पाठीवरचं ओझं उतरल्यावर हमालाचा निघतो. ईरावतीचे केस चौकातून, जिन्यावरून सरसर मागे आले आणि तिच्या कंबरेशी येऊन थांबले. मांजरं रागावून पिलं उचलून निघून गेली.

पहाटे राजा वाळूवरून चालत आला. दाढी वाढलेली, पाय सोललेले, सुरवार फाटलेली. ईरावती धावत सुटली.

“आबा!” तिनं हाक मारली.

तिचा आवाज आता सर्वांत गोड नव्हता. रात्रभर खिडकीत बसल्यानं सर्दी होऊन घोगरा झाला होता. एकही पाखरू झाड सोडून आलं नाही. राजा मात्र आला. तिला उचलून त्यानं छातीशी धरलं, आणि किती वेळ धरलं ते समुद्रालाच माहीत. तो त्या दिवशी भरती विसरला.

मग राज्याची घडी पुन्हा बसली, पण थोडी वेगळी. घोडे धावले, आणि कुंभाराची लंगडी घोडी पहिली आली. तिला स्वतःलाच ते खरं वाटेना. टिटवीनं राजवाड्याच्या कौलांवर घर केलं आणि ती कुशीवर झोपू लागली. सोन्याच्या पायरीवर कधी भोपळा चढे, कधी ठकी, कधी चिमाबाईचा रागसुद्धा. तो पोरांनी ‘हॉट, हॉटर, हॉटेस्ट’ला चढवला आणि चिमाबाई हसली म्हणून उतरला.

एक दिवस राजाही वर्गात आला. पोरं उंचीचा धडा घेत होती. तांब्याच्या पायरीवर ठकी होती, आणि सोन्याच्या पायरीवर बंदरातला लांबलचक सुकाणूवाला संकोचून वाकून उभा होता. मधली पायरी रिकामी होती.

“चिमाबाई, आम्हाला कुठं जागा आहे का?”

“मधे आहे. पण रीत?”

राजा रुप्याच्या पायरीवर चढला. एका हाताला ठकीचं डोकं लागलं, दुसऱ्या हाताला सुकाणूवाल्याचा दंड. दोन्हीकडे माणूस होतं. त्यानं मान ताठ केली आणि पोरांची वाट न बघता स्वतःच मोठ्यानं म्हटलं, “टॉलर!”

ईरावती खाली जमिनीवर बसून इतकी हसली, की तिला उचकी लागली.

तीन पायऱ्यांची ही गोष्ट. सांगणाऱ्याला जेवढी आली तेवढी सांगितली. ऐकणाऱ्याच्या अंगणात चांदणी लांब असो आणि लेकरू जवळ असो.